दोन खोट्या झडपा
अख्खा शनिवार शेजारच्या आजोबांच्या गराजमध्ये गेला, इथे मिशिगनला. त्यांची १९६७ची फोर्ड मस्टँग गाडी रंगून आलीय, पण बाहेरचं सगळं क्रोमचं चकचकीत सामान एका खोक्यात कोंबलेलं. चिठ्ठी नाही, काही नाही! दाराच्या मागच्या एका तुकड्यावरच दोन तास घालवले. बसेचना. शेवटी कळलं, एकेरी उभा तुकडा १९६८चा. ६७ला तिथे एकाखाली एक अशा हवेच्या दोन झडपा असतात, त्याही शोभेच्या. आत वाऱ्याची झुळूकसुद्धा जात नाही! बॉनेटच्या टोकावरची फोर्डची चार अक्षरं मात्र बरोबर निघाली. ६८ला ती काढूनच टाकली होती. नव्या रंगावर ओरखडा नको म्हणून भोकांभोवती मास्किंग टेप लावला. हात तरीही थरथरत होते, माझे. आजोबा निवांत कॉफी पीत बसलेले. झडपा मागवल्यात.