स्टीव्ह स्परियर आणि ड्यूकची तीन वर्षे

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी स्थान मिळवणारे अगदी मोजके आहेत. स्टीव्ह स्परियर त्यांपैकी एक. त्यांचे नाव निघाले की फ्लोरिडा विद्यापीठाच्या १९९६ मधील राष्ट्रीय विजेतेपदाची चर्चा होते. माझ्या मते मात्र त्यांचे सर्वांत मोठे काम त्याआधी, ड्यूक विद्यापीठात झाले.

फ्लोरिडाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती घेऊन पास टाकणारे खेळाडू, असताना १९६६ मध्ये ऑबर्नविरुद्धचा सामना बरोबरीत अडकला, तेव्हा नेहमीच्या किकरला थांबवून त्यांनी स्वतः ४० यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून धाडून तीन गुण मिळवले, आणि सामना ३०-२७ असा जिंकून दिला. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कारही, त्यांनाच मिळाली. व्यावसायिक खेळात मात्र हे तेज टिकले नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात जॉन ब्रोडी यांच्यामागे राखीव म्हणून आणि पंटर (आक्रमण अडले की चेंडू लाथेने दूर धाडणारा खेळाडू) म्हणून त्यांची वर्षे गेली आणि १९७६ मध्ये ज्या टॅम्पा बे संघाकडून ते अखेरचा हंगाम खेळले, तो संघ १४ पैकी १४ सामने हरला.

ड्यूक हे बास्केटबॉलसाठी नावाजलेले विद्यापीठ. फुटबॉलमध्ये १९६२ नंतर त्याला आपल्या परिषदेचे, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एसीसी या गटाचे, विजेतेपद मिळाले नव्हते. स्परियर १९८७ मध्ये तेथे मुख्य प्रशिक्षक झाले. धावून चेंडू पुढे नेण्यात बलदंड संघांची बरोबरी करणे अशक्य असल्यामुळे त्यांनी लांब, अचूक पासवर आधारलेले आक्रमण उभारले. १९८९ च्या हंगामाची सुरुवात वाईट झाली, पण क्लेमसनवरील विजयापासून ड्यूकने ओळीने सात सामने जिंकले, शेवटी नॉर्थ कॅरोलायनाला त्यांच्याच मैदानावर ४१-० असे नमवले आणि व्हर्जिनियासोबत विजेतेपद वाटून घेतले. त्या धावफलकासमोर संघाने छायाचित्रही काढून घेतले. प्रतिस्पर्ध्यांना तो उद्दामपणा वाटला. पण इतकी वर्षे हार पचवलेल्या त्या मुलांचा तो हक्कच होता, असे मला मनापासून वाटते.

पुढे फ्लोरिडाला त्यांनी सहा वेळा त्याच्या परिषदेचे, म्हणजे एसईसीचे, विजेतेपद मिळवून दिले. १९९६ च्या नियमित हंगामाअखेर फ्लोरिडा स्टेटकडून २१-२४ असा पराभव झाला, तेव्हा क्वार्टरबॅक डॅनी वुर्फेल यांना जबर मार बसला होता. म्हणून हंगामानंतरच्या शुगर बोल या सामन्यातील पुनर्लढतीत स्परियर यांनी त्यांना चेंडू देणाऱ्या सेंटरपासून काही यार्ड मागे उभे केले, पास टाकायला उसंत मिळवून दिली आणि सामना ५२-२० असा जिंकला.

वॉशिंग्टनमधील दोन व्यावसायिक हंगाम निष्फळ ठरले. साउथ कॅरोलायनात मात्र ड्यूकचीच कहाणी अधिक मोठ्या प्रमाणावर घडली: ज्या संघाने एका हंगामात कधीही ११ सामने जिंकले नव्हते, त्याने २०११ ते २०१३ असे सलग तीन हंगाम तो आकडा गाठला. २०१५ मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना त्यांनी पद सोडले, ही गोष्ट मला आजही खटकते. तरीही त्या विद्यापीठाच्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर त्यांच्या ८६ विजयांइतके विजय नाहीत.