तुम्ही विचारलंत म्हणून: विनोद उकलून बघितला की हसू जातं का?

लग्नात, हळदीकुंकवाला, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो. एवढे भारी कॉमेडी सिनेमे आहेत, ते निवांत बघायचे सोडून ते कसे बनवले याच्या डॉक्युमेंट्री काय बघत बसतेस, विनोद उकलून बघितला की त्यातली मजा जात नाही का? बऱ्याच वेळा मी हसून विषय बदलते. आता एकदाच नीट लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

जाते. कधीकधी मजा जाते, हे आधीच कबूल करते. पण तुम्ही समजता तशी जात नाही.

केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल या दोघांनी 1983 मध्ये 'अननोन चॅप्लिन' नावाची तीन भागांची डॉक्युमेंट्री केली. चॅप्लिनने सिनेमातून काढून टाकलेलं फुटेज त्यात आहे, फसलेले टेक, अर्धवट सुचलेल्या कल्पना. चॅप्लिन तालीमसुद्धा कॅमेऱ्यावरच करायचा आणि प्रत्येक टेकच्या पाटीवर नंबर असायचा, त्यामुळे ते तुकडे ओळीने लावले की माणूस विचार करताना दिसतो. 1917 चा 'द इमिग्रंट' बघताना वाटतं की बोटीवरून अमेरिकेत येणाऱ्या गरिबांची गोष्ट त्याच्या डोक्यात पहिल्यापासून पक्की असणार. तसं नाही. सुरुवात झाली हॉटेलातल्या जेवणाच्या सीनने, आणि हे लोक आले कुठून या प्रश्नाचं उत्तर शोधत शोधत तो मागे बोटीपर्यंत गेला. त्याच्याच 'सिटी लाइट्स'मध्ये तर आंधळ्या फुलवालीला चॅप्लिनने रंगवलेला हा फाटका माणूस श्रीमंत आहे असं का वाटावं, इथेच सगळं अडलं होतं. त्या एका सीनचे 300 च्या वर टेक झाले, फुलवालीचं काम करणाऱ्या व्हर्जिनिया चेरिलला मध्येच काढून टाकलं, दुसरी नटी आणून बघितली, परत चेरिललाच बोलावलं. उत्तर काय निघालं, तर गाडीचं दार. ट्रॅफिकमध्ये उभ्या असलेल्या गाडीत एका बाजूने शिरून हा दुसऱ्या बाजूने उतरतो, दार धाडकन लागतं, आणि तिला वाटतं की साहेब गाडीतून उतरले. मुका सिनेमा, आणि सगळी गोष्ट एका आवाजावर उभी! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले नाही. रडले. का ते सांगते.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इथे वाचणारे बरेच जण ओळखतात, त्यामुळे सांगलीचं भावे नाट्यमंदिर, राज्य नाट्य स्पर्धा, विनोदी कामं हे सगळं परत सांगत बसत नाही. 'संशयकल्लोळ'मधला त्यांचा फाल्गुनराव तुम्ही बघितला असेल किंवा घरच्यांकडून ऐकला असेल. ते लिहिणारे देवल आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे, त्यामुळे ते नाटक बसवायचं म्हणजे अण्णांना घरचं कार्यच वाटायचं. त्यात एक जागा आहे, कृत्तिकेच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर असते आणि फाल्गुनराव मागून येऊन ती बघतो. संशयी नवरा, बायकोच्या हातात फोटो, म्हणजे हशा ठरलेला. एका प्रयोगाला तो आलाच नाही. बाकी नाटक उत्तम झालं, लोक आत येऊन भेटून गेले, पण अण्णा घरी आले ते चेहरा पाडून, आणि हातपाय धुतल्यावर मला उठवलं. मी शाळेत होते तेव्हा. गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या लांब बोळकंडीत मला उभं केलं, हातात वहीचा पुठ्ठा दिला, म्हणाले ही तसबीर, तू कृत्तिका, मान हलवायची नाही.

मग ते मागून यायचे, बघायचे, दचकायचे. परत मागे जायचे. परत यायचे. वहाणा घालून, मग अनवाणी, मग डावीकडून, मग उजवीकडून. माझे हात दुखायला लागले, पुठ्ठा खाली यायला लागला की ते ओरडायचे, आई आतून म्हणायची, अहो, झोपू द्या की पोरीला, सकाळी शाळा आहे तिची. अण्णांच्या कानावर काही जात नव्हतं. ते स्वतःशीच बोलत होते, मी घाई करतोय, मला आधी कळतंय, मला आधी कळून उपयोग नाही. बऱ्याच उशिरा त्यांना ते सापडलं. येऊन तसबिरीकडे बघायचं, पण काहीच कळलेलं नाही अशा चेहऱ्याने नजर काढून घ्यायची, खांद्यावरचं उपरणं सारखं करायचं, आणि मग मान गर्रकन परत तसबिरीकडे. उपरण्याला लागतो तेवढाच वेळ मधे. त्या वेळात प्रेक्षकाला कळलेलं असतं आणि फाल्गुनरावाला नसतं, हशा त्या फटीत असतो. उपरणं दोनदा सारखं केलं तर उशीर, नुसता हात लावला तर घाई. मला मागचं काही दिसत नव्हतं, मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, पण उपरण्याची ती सळसळ ऐकू आली आणि मला हसू फुटलं. अण्णा म्हणाले, "हां. झोप जा आता."

पुढच्या प्रयोगाला मी विंगेत होते. त्या जागी असा हशा आला की कृत्तिकेला पुढचं वाक्य थांबवावं लागलं.

अण्णा गेल्यावर शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, अण्णांना अभिनय करावाच लागायचा नाही, नुसते स्टेजवर आले की लोक हसायचे, देवाची देणगी होती. टाळ्या पडल्या. प्रेमाने बोलले ते, मला मान्य आहे, पण मला आतून इतकं तुटल्यासारखं झालं की उठून सांगावंसं वाटलं, नाही हो, देणगी नव्हती, त्या रात्री मी तिथे उभी होते. आत्याने हात धरून ठेवला. तुम्ही मला मजा जाते का विचारता तेव्हा मला ती सभा आठवते. विनोद आपोआप होतो, फक्त रडवायला कष्ट लागतात, असं लोक धरून चालतात, आणि ते खोटं आहे हे पडद्यावर ढळढळीत दाखवणारी माणसं मला या डॉक्युमेंट्रींमध्ये भेटली. मूकपटांतला विनोदी नट हॅरॉल्ड लॉईड, त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी 1919 मध्ये नकली समजून धरलेला बॉम्ब फुटून गेली होती, आणि 1923 च्या 'सेफ्टी लास्ट'मध्ये तोच माणूस खास हातमोजा घालून इमारतीवरच्या घड्याळाला लटकतो. तसाच दुसरा विनोदी नट बस्टर कीटन, 1928 च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये त्याच्या अंगावर घराची खरीखुरी अख्खी भिंत पाडली, तो वाचला कारण खिडकीची मोकळी जागा बरोबर त्याच्यावर आली. त्याची उभं राहायची जागा जरा चुकली असती तर संपलंच होतं. हे कळल्यावर माझं हसू कमी झालं असेल, पण बघणं वाढलं.

आणि आपल्याकडे? फाळक्यांनी 1917 मध्येच चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी फिल्म केली होती, म्हणजे सुरुवात आपली किती आधीची बघा. 'ब्रह्मचारी' 1938 चा, शेजारच्या कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, त्याचे फसलेले टेक कुणी ठेवले? फसलेले सोडा, 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या रिळांच्या, साठ्याला आग लागली त्यात प्रभातच्या काळातल्या मूळ निगेटिव्ह गेल्या. 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा, त्यातले डायलॉग पोराटोरांना पाठ आहेत, पण मुलाखतींमध्ये आपण कलाकारांना विचारतो काय, तर सेटवर धमाल यायची का. यायची, असं ते सांगतात. तो टायमिंगचा सीन कितव्या टेकला जमला, आधी काय करून बघितलं, काय टाकून दिलं, हे विचारायला हवं, आणि सांगू शकणारी माणसं एकेक करून जातायत.

अण्णांच्या फाल्गुनरावाची एक व्हिडिओ कॅसेट होती. 2019 च्या पुरात ती खालच्या कपाटात होती, पाणी उतरल्यावर हातात आला तो चिखलाचा गोळा. लोक अजून हळहळतात, अरेरे, कॅसेट गेली. मला त्याहून जास्त लागतं ते हे की त्या कॅसेटवर प्रयोगच होता. बोळकंडीतली रात्र कशावरच नव्हती.

आता दुसरी बाजू, जी मी सहसा कुणाला सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी फार ठणकावून म्हणायचे की चांगल्या कामापुढे बाकी सगळं माफ. चॅप्लिन चेरिलशी ज्या तऱ्हेने वागला ते बघून सुद्धा मी त्याचीच बाजू घेतली होती. आज घेववत नाही. अण्णा तालमीत प्रेमळ नव्हते, एका नव्या मुलाला त्यांनी सगळ्यांसमोर इतकं बोललं होतं की तो परत आला नाही, आणि ती रात्र मला आज कितीही मोलाची वाटली तरी तेव्हा मी रडकुंडीला आले होते, हेही तितकंच खरं.

शिवाय ते काढून टाकलेलं फुटेज नष्ट करावं अशीच चॅप्लिनची इच्छा होती. मी जे बघून भारावून जाते ते त्या माणसाला कुणी बघायला नकोच होतं. आधी मी म्हणायचे, त्याला काय वाटायचं याच्याशी आपल्याला काय. आता अण्णांचं मनात येतं. त्यांनी तालमीचं शूटिंग करू दिलं असतं का? नसतंच दिलं. तरी मला ते हवंच आहे. दोन्ही गोष्टी माझ्यात एकाच वेळी आहेत, त्यांचा मेळ काही बसत नाही.

सध्या मी इथल्या एका हौशी ग्रुपच्या मागे लागलीय, स्पर्धेच्या तालमी मोबाईलवर तरी शूट करू द्या म्हणून. तरुण पोरं तयार आहेत, जुने नट नको म्हणतात, तालमीत आम्ही चुकतो, चुकलेलं काय दाखवायचं लोकांना. त्यांचं चुकीचं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण स्पर्धेच्या तालमी लागल्या की मी परत जाऊन विचारणार आहे, आणि ज्येष्ठ नट नाही म्हणाले तर निदान वही घेऊन कोपऱ्यात बसू द्या म्हणणार आहे.