भुरीसोबत मुक्कामी ट्रेक: तयारी कुठवर आली

दिवसभराच्या ट्रेकला माझी कुत्री भुरी आता चांगली सरावली आहे. चढ, उतार, दगडधोंडे, ओढे, कशालाच बिचकत नाही. घोडं अडलंय ते मुक्कामापाशी. दिवसभर चाललेलं कुत्रं रात्री ढाराढूर झोपेल, हा हिशोब तंबूत चालत नाही. जागा नवी, कापड पातळ. बाहेर जरा खुट्ट झालं की कान टवकारायचे, उठून बसायचं, गुरगुरायचं. अशी रात्र गेली की दुसऱ्या दिवशी उतारावर पाय घसरतात आणि एका हाकेत येणारी भुरी तीन हाका मारायला लावते. म्हणून सध्या अंतर वाढवणं बंद, झोपेचा सराव चालू.

फोमच्या मॅटचा तिच्या मापाचा तुकडा कापला आणि रोज संध्याकाळी घरात तोच अंथरला. त्यावर आडवी झाली तर खाऊ, उठली तर काही नाही. मग तीच मॅट घरातच उभारलेल्या तंबूत. तंबूच्या चेनचा आवाज तिला अजिबात खपत नव्हता, त्यामुळे नुसती चेन उघड-बंद करायची आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यायचा, एवढंच बरेच दिवस चाललं होतं. आता चेन वाजली की बाईसाहेब स्वतःहून आत घुसतात. (आधी नखं कापा. तंबूचा तळ नखांनी फाटतो.) ताजी नोंद: अंगणातल्या तंबूत पहाटेपर्यंत झोपली, तीही कुशीवर, चारही पाय ताणून. पुढची रात्र गाडीपासून हाकेच्या अंतरावर काढायची, म्हणजे बिनसलं तर निघता येईल. झोपताना ती आतच असणार. बाहेर बांधून ठेवणं मला पटत नाही.

पाण्याचं गणित सोपं आहे, ओझं मात्र नाही. कुत्र्याला एरवी दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं. भुरी 22 किलोची, म्हणजे बसून राहिली तरी सव्वा लिटरच्या आसपास. चालताना बरंच जास्त, म्हणून मी दिवसाला अडीच लिटर धरते. साचलेल्या पाण्याला तोंड लावू देत नाही. लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) लस त्याच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, आणि जिआर्डियाची (पाण्यातून पोटात जाऊन जुलाब लावणारा परजीवी) धास्ती वेगळीच. तिची पिशवी तिच्याच पाठीवर असते, पण दोन किलोच्या आत, म्हणजे वजनाच्या दहा टक्क्यांहून कमी. पट्टा कोपराच्या मागे घासतो, तिथली कातडी प्रत्येक थांब्यावर केस बाजूला करून बघते. वाढत्या वयाच्या पिल्लाच्या पाठीवर काहीही लादू नका.

कुत्र्याचं शरीर मुख्यतः धापेवाटे थंड होतं, त्यामुळे चाल सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. मुक्कामी पोचल्यावर जेवण लगेच नाही, धाप पूर्ण शांत झाल्यावर. तोवर गोचिडींचा शोध: कानांच्या आत, काखेत, बोटांच्या मधे. आणि आपल्या सुक्या मेव्याची पुडी तिच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. मनुका कुत्र्याला विषारी आहेत, चॉकलेटही. आपल्या वेदनाशामक गोळ्यांचं तेच. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने कधीच देऊ नये.

वाट निवडताना आधी कुत्र्यांना परवानगी आहे का ते बघते. त्यानंतर माझी कसोटी एकच: तिचा पाय मुरगळला तर मी तिला उचलून खाली आणू शकेन का? शिडी किंवा हाताने धरून चढायचे टप्पे त्यामुळे आपोआप बाद होतात. कुत्रं पाठीवर घ्यायची कापडी झोळी आणली आहे, आणि भुरी तीत न धडपडता बसायला शिकली आहे. झोळीसकट जिना उतरणं मला जमतं. सॅक आणि भुरी एकदम मात्र पेलत नाही. म्हणून पहिल्या खऱ्या मुक्कामाला जोडीदार घेऊनच जायचं, आणि वेळ आलीच तर सॅक तिथेच सोडून उतरायचं, असं ठरवलंय.