सील फोडलेली डिस्क

कॉलेज रोडवर गेमच्या नव्या-जुन्या डिस्क विकणाऱ्या एका दुकानात मी काउंटर सांभाळायचो. २०२३ च्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि पिशवीतून 'स्पायडर-मॅन २' काढून समोर ठेवला. "चालत नाही हो. बदलून द्या."

डिस्कमध्ये काही खोट नव्हती. घरी पीएस४, म्हणजे जुना प्लेस्टेशन कन्सोल होता आणि हा गेम तेव्हा फक्त नव्या पीएस५ वर चालायचा. २०१८ चा पहिला भाग पीएस४ वर चालला, म्हणून पोरानं दुसराही चालेल असं धरलं. चूक माझीच. विकताना कन्सोल कोणता ते मी विचारलंच नव्हतं. त्यात सील फोडलेला माल परत घ्यायचा नाही हा शेठचा नियम.

शेठ येईपर्यंत पोराला आतल्या पीएस५ वर बसवलं. कुणाचा तरी अर्धवट खेळलेला गेम उघडून पठ्ठ्या स्पायडर-मॅनच्या पोशाखाचे पंख पसरून तरंगत निघाला. पहिल्या भागात न्यूयॉर्कचं फक्त मॅनहॅटन होतं, पंख नव्हते. इथे क्वीन्स आणि ब्रुकलिनही आहे.

"ही नदी कुठली रे?" आजोबांनी विचारलं.

"ईस्ट रिव्हर."

"पाणी आहे बरं हिला."

मी म्हटलं, "अरे, जाळं तर टाकतच नाहीस तू."

"गरजच काय, दादा?"

माझी तक्रार नेमकी हीच. पहिल्या भागात जाळं कधी सोडायचं ते चुकलं की वेग जायचा; झोका घ्यायला शिकावं लागायचं. बाकी दुसरा भाग दिसायला देखणा, पीटर आणि माइल्स हे दोन्ही स्पायडर-मॅन खेळायला मिळतात, मारामारीही सरस. पण खलनायक व्हेनम उशिरा येतो आणि घाईत उरकतो. पहिल्यातला खलनायक, शास्त्रज्ञ ऑक्टेव्हियस? पीटर त्याच्याच प्रयोगशाळेत काम करत असतो, आपणही तिथे सर्किटं जुळवत बसतो, आणि तो माणूस डोळ्यांदेखत हळूहळू बिघडत जातो. शेवटी त्याच्याशी लढताना हात जड होतो.

आजोबांनी हे सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे जुनंच बरं?"

"गोष्ट जुन्यातली. उडायला नवा."

शेठनं डिस्क सेकंडहँडच्या भावानं घेतली, फरक माझ्या पगारातून कापला. बदल्यात पोरानं 'माइल्स मोरालेस' नेला. २०२० चा तो गेम पीएस४ वरही आहे. पायरी उतरता उतरता तो मागे वळला.

"दादा, आतलं माझं सेव्ह कुणाला पुसू देऊ नका हं."