तुमचा एच-इंडेक्स किती?

पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधत येणारी मुलं हल्ली पहिल्या पाच मिनिटांत हे विचारतात. त्यात उद्धटपणा नसतो; मार्गदर्शक निवडताना हे बघून घे, असं कुणीतरी त्यांना बजावलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून आधी आकडा सांगते: सहा. म्हणजे माझे सहा लेख असे आहेत की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी निदान सहा वेळा केलाय. सात लेखांना सात-सात संदर्भ मिळाले की आकडा सात होईल.

हे माप 2005 साली होर्हे हर्श यांनी सुचवलं. ते भौतिकशास्त्रज्ञ. आमच्या राज्यशास्त्रात एकेका पुस्तकामागे दहा वर्षं जातात, आणि या मापात त्या पुस्तकाची किंमत जास्तीत जास्त एक. मग ते हजार जणांनी वाचून वापरलेलं असो.

आणि संदर्भ म्हणजे तरी काय? राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी 1964 साली ‘एशियन सर्व्हे’ या नियतकालिकात काँग्रेस ‘सिस्टिम’वर लेख लिहिला. काँग्रेस हा सहमतीचा पक्ष, विरोधक हे बाहेरून दाब देणारे पक्ष, आणि काँग्रेसमधल्या गटांवाटे तो दाब आत पोचतो, अशी त्यांची मांडणी. तीनच वर्षांनी, 1967च्या निवडणुकीत, काँग्रेसने कितीतरी राज्यांतली सत्ता गमावली. तेव्हापासून ती व्यवस्था मोडली असं म्हणणाऱ्यांना कोठारींचा दाखला द्यावा लागतो आणि टिकली म्हणणाऱ्यांनाही. 1974 साली खुद्द कोठारींनीच आपली मांडणी पुन्हा तपासली. मोजणीत हे सगळे संदर्भ सारखेच. मला मात्र वाटतं, ज्याच्याशी भांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही असा लेख लिहून होणं, हे आमच्या विषयातलं सगळ्यात मोठं यश.

एकदा मी माझे संदर्भ एकेक उघडून वाचले. बहुतेक ठिकाणी माझं नाव कंसात, आणखी चार नावांच्या रांगेत. लेख उघडलाय की नाही, हेही कळू नये. फक्त एका मुलीने माझा मुद्दा दुसऱ्या जिल्ह्यात तपासून बघितला होता आणि तो तिथे लागू पडत नाही, असं दोन पानं खर्चून दाखवलं होतं. तो दिवस मी विसरणार नाही. तो संदर्भही एकच धरला गेला.

आता मराठीचं. माझं निम्मं लेखन मराठीत आहे आणि त्या सहामध्ये त्यातलं काहीही नाही. स्कोपसमध्ये, म्हणजे संदर्भ मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय सूचीत, नियतकालिक घ्यायचं तर लेखाचं शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवेत, संदर्भसूची रोमन लिपीत हवी. मराठी तळटीप तिथवर पोचणार कशी? य. दि. फडक्यांनी विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा इतिहास खंडामागून खंड लिहून काढला. आजही महाराष्ट्राच्या राजकारणावर काम करणारा माणूस ते खंड चाळल्याशिवाय पुढे सरकत नाही. ते असे मोजायचे कुठे?

2011 साली महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये महिलांचं आरक्षण 33 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेलं. त्यानंतर ग्रामपंचायतीतल्या बायकांवर मी मराठीत एक लेख लिहिला होता. निवडून येते बायको आणि कारभार बघतो नवरा, हा त्यातला एक मुद्दा. पुढे एका गावात मुलाखतीला गेले, तर तिथल्या सदस्य ताईंनी कॅरीबॅगमधून त्याच लेखाची झेरॉक्स काढली. घडी घालून घालून मधली ओळ पुसली होती. कुणा ट्रेनिंगवाल्यांनी वाटली होती म्हणे. ‘पती’ हा शब्द जिथे जिथे आला होता तिथे पेन्सिलीने गोल, आणि समासात लिहिलेलं: “आमच्यात सासरे.”

“मॅडम, मालक पुण्याला कंपनीत असतात. शिक्का सासऱ्यांकडे. तुम्ही सासऱ्यांचं विचारलंच नाही कुणाला.”

खरंच नव्हतं विचारलं. माझ्या प्रश्नावलीत नवऱ्याशिवाय दुसरा रकानाच नव्हता. परत आल्यावर तो प्रश्न मी खोडला आणि त्या जागी लिहिलं: ‘ग्रामपंचायतीचा शिक्का घरात कोणाजवळ असतो?’