बी-१२ भरून निघाले, जखम मात्र भरेना

मधुमेहींच्या पावलांच्या बाह्यरुग्ण विभागात मी काम करतो. तिथे येणाऱ्या फाइलींमध्ये हल्ली साखरेच्या तपासण्यांइतकेच जीवनसत्त्वांचे रिपोर्ट असतात. त्या दिवशी मुलीसोबत आलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या गृहस्थांची फाइल तर विशेष नीटनेटकी होती. आयुष्यभर हिशेबनिशी केलेला माणूस. बी-१२, ड जीवनसत्त्व, फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिड) आणि होमोसिस्टीन (बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की रक्तात वाढणारे एक अमिनो आम्ल) यांचे आकडे त्यांनी तारीखवार तक्त्यात मांडले होते. वर्षभरापूर्वी बी-१२ फक्त १३८ पिकोग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम होते, तर होमोसिस्टीन २४पर्यंत चढले होते. ताज्या रिपोर्टात पहिले दोन आकडे भरपूर वाढलेले होते आणि होमोसिस्टीन ११वर उतरलेले होते. तक्त्यातील सगळे रकाने सुधारले होते, पण उजव्या पायाच्या अंगठ्यावर नखाच्या कडेला पडलेली लहानशी जखम दोन महिने झाले तरी भरत नव्हती, आणि म्हणूनच त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आले होते.

आधीचे उपचार चुकीचे होते असे मुळीच नव्हे. दहा वर्षांहून अधिक काळ ते मेटफॉर्मिन हे साखर कमी करणारे औषध रोज दोन ग्रॅम घेत होते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषले जाण्यासाठी कॅल्शियमची गरज असते आणि त्या प्रक्रियेत मेटफॉर्मिन अडथळा आणते. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता उघड व्हायला वर्षे लागतात. नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ सुमारे सव्वाचार वर्षांत औषधाविनाच्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. शिवाय या कमतरतेने होणारी पायांची आग, मुंग्या आणि बधिरपणा मधुमेहाच्या चेताविकारासारखाच, म्हणजे चेतातंतूंच्या बिघाडासारखाच भासतो, त्यामुळे ही कमतरता मुद्दाम शोधून काढावीच लागते. त्यांच्या डॉक्टरांनी ती शोधली, इंजेक्शने दिली आणि दोन्ही पायांची आग खरोखर कमी झाली.

तक्रार नेमकी इथून पुढे सुरू होत होती. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, इंजेक्शने सुरू केल्यापासून बाबांचा उजवा पाय रात्री जास्तच दुखतो. आग गेली आणि ठणका आला. डोस जास्त होतोय का?" मी त्यांना विचारले, "काका, रात्री दुखायला लागले की तुम्ही काय करता?" ते सहज म्हणाले, "काही नाही, पाय पलंगाखाली सोडून बसतो. थोड्या वेळाने बरे वाटते."

या एका उत्तराने माझ्यापुरती दिशा बदलली. चेताविकाराची आगही रात्रीच वाढते, म्हणून दोहोंत गल्लत होणे स्वाभाविक आहे. परंतु ती बहुधा दोन्ही पायांत सारखी असते आणि पाय लोंबते सोडल्याने तिला उतार पडत नाही. एकाच पायाचे दुखणे, तेही पाय खाली सोडल्यावर कमी होणारे, म्हणजे रक्त तिथवर पोहोचायला गुरुत्वाकर्षणाची मदत लागते आहे असा त्याचा अर्थ होतो. पोटरीत गोळे येतात का, या प्रश्नाला त्यांनी नाही म्हटले. मात्र गेली दोन वर्षे ते घराबाहेर फारसे चाललेच नव्हते, आणि जो चालत नाही त्याला चालतानाचे दुखणे कळणार कसे? इंजेक्शनांमुळे पाय दुखू लागला नव्हता. माझा अंदाज असा की बधिरतेखाली दडलेले दुखणे, संवेदना काहीशा परतल्यावर, त्यांना जाणवू लागले असावे.

तपासताना उजवे पाऊल थंड लागले आणि घोट्यामागची नाडी हाताला सापडली नाही. पाय उचलून धरल्यावर तळवा पांढुरका पडला, खाली सोडल्यावर काळपट लाल झाला. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा, म्हणजे संवेदना तपासायच्या बारीक नायलॉनच्या तंतूचा स्पर्श त्यांना बहुतेक ठिकाणी कळत होता. फाइलमध्ये घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाच्या गुणोत्तराचा एक जुना रिपोर्ट होता, त्यावर १.४२ हा आकडा होता आणि खाली 'अडथळा नाही' अशी छापील ओळ होती.

या आकड्यावर जरा थांबले पाहिजे, कारण मधुमेहात तो फार जणांना फसवतो. गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असे धरतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ते १.४च्या वर गेले तर त्याचा अर्थ रक्तप्रवाह उत्तम आहे असा होत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात, विशेषतः मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर, धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते आणि ती लोखंडी नळीसारखी कडक होते. पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही, आणि यंत्र मात्र दाब जास्त असल्याचे दाखवते. अंगठ्याच्या बारीक धमन्या बहुधा या कडकपणातून वाचतात, म्हणून अशा वेळी अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. आमच्या तंत्रज्ञाने मोजले तेव्हा दंडाचा दाब १४०, उजव्या घोट्याचा २०४, म्हणजे गुणोत्तर १.४६ आले; अंगठ्याचा दाब होता अवघा २८. तिशीच्या खालचा दाब म्हणजे जखम आपोआप भरण्याची आशा फार कमी आणि पाय गमावण्याचा धोका खरा. क्ष-किरण चित्रात पावलाच्या धमन्यांच्या दोन्ही कडा रुळांसारख्या स्पष्ट उमटल्या होत्या.

मी हे समजावून सांगत असताना मुलीने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते असे तिने वाचले होते. ते गोळ्यांनी २४वरून ११वर आले, मग धमन्या का सुधारल्या नाहीत? वडिलांच्या रोजच्या गोळ्यांत बी-१२खेरीज मोठ्या मात्रेतील फॉलिक ॲसिड, बी-६, ई जीवनसत्त्व आणि ड जीवनसत्त्व होते, आणि ते सगळे 'रक्तवाहिन्यांसाठी' म्हणून तिने प्रेमाने आणले होते.

तिच्या तर्कातील पहिली पायरी बरोबर होती. होमोसिस्टीन वाढलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात अधिक आढळतात, आणि अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड कमी पडणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. पण एखादी गोष्ट आजाराच्या सोबत आढळते म्हणून ती खाली आणली की आजार हटतोच असे नाही, आणि याची परीक्षा मोठ्या चाचण्यांत झालेली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या होप-२ चाचणीत रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मधुमेह असलेल्या साडेपाच हजार लोकांना पाच वर्षे फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ देण्यात आले. होमोसिस्टीन उतरले, पक्षाघात काहीसे कमी झाले, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि या कारणांचे मृत्यू यांचा एकत्रित आकडा लक्षणीय घटला नाही. ई जीवनसत्त्वाचे तसेच झाले. २०००च्या होप चाचणीत रोज ४०० एकक घेऊनही धोका कमी झाला नाही. ड जीवनसत्त्वाबाबत २०१९ची व्हायटल चाचणी पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर झाली, आणि रोजच्या २००० एककांनी हृदयविकार किंवा पक्षाघात रोखले गेले नाहीत. घरात बसून राहणारा, वजन जास्त असलेला किंवा मूत्रपिंड दुखावलेला माणूस ड जीवनसत्त्वात मुळातच कमी पडतो. तिथे कमतरता पुष्कळदा आजारपणाची खूण असते.

मला अधिक काळजी वाटली ती त्यांच्या मूत्रपिंडांमुळे. लघवीतून प्रथिने जात होती आणि मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा दर ४८पर्यंत उतरला होता. मधुमेहाने मूत्रपिंडे दुखावलेल्या २३८ रुग्णांवरील डिव्हाइन ही कॅनडातील चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ या तीन ब जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांची मूत्रपिंडे अधिक वेगाने खालावली आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना औषधाविनाच्या गटाच्या सुमारे दुप्पट झाल्या. जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवीच, ही समजूत माझ्या मते यानंतर तरी टिकायला नको होती. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच चेतातंतू बिघडवते, हे तर त्याहूनही विचित्र. पायांच्या मुंग्यांसाठी घेतलेली गोळी मुंग्या आणू शकते.

पुढचे काम झटपट झाले. धमन्यांचे चित्र घेण्यासाठी रंजकद्रव्य टोचण्यापूर्वी मेटफॉर्मिन थांबवले, मूत्रपिंडांची काळजी घेतली आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनी ही चित्रे घेणारी तपासणी, म्हणजे अँजिओग्राफी केली. गुडघ्याच्या वरचा प्रवाह बरा होता, खालच्या तीनपैकी दोन धमन्या बंद होत्या. मधुमेहात हा आजार असाच गुडघ्याखाली अधिक असतो. आत सरकवून फुगवलेल्या बारीक फुग्याने एक धमनी पावलापर्यंत मोकळी झाली आणि अंगठ्याचा दाब ५८वर गेला. कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आधी अर्ध्या मनाने घेतले जात होते, ते पूर्ण मात्रेत सुरू केले, आणि रक्त गोठू न देणारी गोळी जोडली. रात्रीचा ठणका आधी गेला. जखम बंद व्हायला त्यानंतर काही आठवडे लागले.

गोळ्यांच्या यादीत आम्ही बरीच काटछाट केली. ई जीवनसत्त्व, बी-६ आणि मोठ्या मात्रेतील फॉलिक ॲसिड बंद केले. ड जीवनसत्त्व हाडांसाठी साध्या मात्रेत ठेवले. रंजकद्रव्यानंतर मूत्रपिंडांचा अहवाल स्थिर असल्याचे पाहून मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झाले; ते सुरू असेपर्यंत बी-१२ची कमतरता परत येऊ शकते, म्हणून बी-१२ पातळी टिकेल इतकेच द्यायचे आणि दरवर्षी तपासायचे असे ठरले. काकांना हे पटले, पण त्यांच्या तक्त्यातील दोन रकाने रिकामे झाल्याचे त्यांना थोडे वाईट वाटलेले दिसले. मी त्यांना दोन्ही अंगठ्यांच्या दाबाचे रकाने घालायला सांगितले. डाव्या अंगठ्याचा दाब ७४ आहे, म्हणजे दंडाच्या निम्म्याहून किंचित वर. त्या पायाला जखम नाही आणि दुखणेही नाही, त्यामुळे तूर्त तिकडे शस्त्रक्रिया करण्याचे कारण नाही. पण सहा महिन्यांनी तो पुन्हा मोजायचा आहे, आणि तोवर रोज चालताना पोटरीत गोळे येतात का याकडे त्यांनी लक्ष ठेवायचे आहे.