तारखेनुसार लावलेले कागद

"सगळी कर्जं मिळून एकच करून मिळेल का?" खुर्चीत बसायच्या आधीच त्या बाईंनी विचारलं. कडेवर झोपलेली लहान मुलगी, शेजारी बारा-तेरा वर्षांचा मुलगा. मुलांना ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मुलंही आली होती. एकटीने किंवा एकट्याने मुलं वाढवणारी माणसं आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा मुलं बरोबर असतातच.

मी कर्ज समुपदेशनाचं काम करते. आम्ही कर्ज देत नाही आणि कोणाचं माफही करू शकत नाही. कागद पुढ्यात घेऊन हिशेब मांडायचा, कोणाचं आधी फेडायचं ते ठरवायचं आणि गरज पडली तर कर्ज देणाऱ्यांशी बोलायचं, असं हे काम आहे.

त्यांची देणी सात ठिकाणची होती. दोन क्रेडिट कार्डं, मोबाइल अॅपवरून घेतलेलं एक छोटं कर्ज, गहाण टाकलेला दागिना, मुलाच्या अभ्यासासाठी हप्त्यावर घेतलेला संगणक, कामावरच्या मैत्रिणीकडून घेतलेले हातउसने पैसे, आणि एक वाहनकर्ज. ते वाहन विभक्त झालेला नवरा वापरत होता, पण कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून यांचीही सही होती.

"मलाच पैसा टिकवता येत नाही हो, मॅडम," त्या म्हणाल्या. "हाताला सवयच उधळीची असणार, नाहीतर इतकं झालंच नसतं."

हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकते आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. कारण खर्चाचा तक्ता भरायला घेतला की उधळपट्टी कुठे सापडतच नाही. त्यांच्याही तक्त्यात भाडं, वीज, किराणा, शाळा, प्रवास, औषधं एवढंच होतं. कर्ज फेडण्याबद्दलचे जे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात ते छोटे छोटे शौक बंद करा इथून सुरू होतात. या बाईंनी कुठला शौक बंद करायचा होता?

आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. पगारातून घरखर्च वजा केला, सगळ्यांचे हप्ते वजा केले, तरी महिन्याअखेर थोडी शिल्लक राहायला हवी होती. तक्त्यावर ती दिसतही होती. मग देणी वाढत का होती? एरवी आम्ही कर्जं व्याजाच्या दरानुसार लावतो, सगळ्यांत महाग वर, स्वस्त खाली. त्या दिवशी मी कागद तारखेनुसार लावायला घेतले. कुठलं कर्ज कधी घेतलं, कार्डावरची मोठी रक्कम कोणत्या महिन्यात चढली, हे एका ओळीत टेबलावर मांडलं.

मुलगा इतका वेळ गप्प होता. तो उठून टेबलाजवळ आला आणि एकेका कागदावर बोट ठेवत सांगू लागला. "हे शाळा सुरू झाली तेव्हाचं. हे ताप उतरत नव्हता म्हणून छोटीला दवाखान्यात ठेवलं होतं ना, तेव्हाचं. हे घर बदललं तेव्हाचं. हे परत शाळेचं." आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला तारखा आठवत नव्हत्या, त्याला सगळ्या पाठ होत्या.

त्या ओळीत उधळपट्टीचा एकही कागद नव्हता. निम्मी कर्जं शाळा सुरू होण्याच्या सुमाराची होती, म्हणजे दरवर्षी ठरलेल्या वेळी येणाऱ्या खर्चाची. उरलेली बहुतेक मुलीच्या आजारपणातली. आजारपणाच्या महिन्यातली पगाराची पावती मी मागितली. औषधोपचाराचा खर्च वाढला होताच, शिवाय बिनपगारी रजेमुळे पगारही कापला गेला होता.

दोघं कमावणारे असतात तिथे मूल आजारी पडलं तर एक घरी थांबतो, दुसऱ्याची कमाई चालू राहते. एकट्या पालकाच्या घरात खर्च वाढायचा आणि उत्पन्न घटायचं, हे एकाच दिवशी सुरू होतं. आमच्या क्षेत्रातली तयार सूत्रं ही गोष्ट हिशेबात धरत नाहीत. ती दर महिना सारखाच येईल असं मानून चालतात. माझं ठाम मत आहे की एकट्या पालकाची योजना सरासरी महिन्यावर बेतलेली असेल तर ती टिकत नाही. वाईटातला वाईट महिना धरून ती बांधावी लागते.

म्हणून मी सुचवलं, की पहिले काही महिने जादा पैसा कुठल्याही कर्जात घालायचा नाही. किमान रक्कम सगळीकडे भरायची आणि उरेल ते वेगळ्या खात्यात टाकायचं. आठवडाभराचा पगार बुडाला तरी नवं कर्ज काढावं लागू नये इतकं तिथे साठू द्यायचं. शाळेच्या वर्षभराच्या खर्चाला बारानं भागून तेवढी रक्कम दरमहा तिसरीकडे ठेवायची.

शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सहकाऱ्यांना हे मुळीच पटलं नाही. नंतर आमचा चांगलाच वाद झाला, आणि त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज असेल तर काहीच न भरता राहिलेली बाकी २४ महिन्यांत दुप्पट होते. किमान रक्कम भरणाऱ्यालाही फार दिलासा नसतो. शंभराच्या बाकीवर पाच भरले तर त्यातले तीन व्याजातच जातात, मूळ रक्कम जेमतेम दोनाने उतरते. नवा एकही खर्च कार्डावर न टाकता असंच भरत राहिलं तरी बाकी निम्मी व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात. "आणि तुम्ही म्हणता पैसे बाजूला पडू द्या!" ते म्हणाले. "त्या खात्यावर व्याज किती मिळणार?"

मी त्यांना टेबलावरची ती कागदांची ओळ दाखवली. यातलं प्रत्येक कर्ज तेवढीशी शिल्लक हाताशी नव्हती म्हणून घेतलेलं होतं. कार्डात सगळं भरून टाकलं आणि पुढच्या महिन्यात मुलगी पुन्हा आजारी पडली, तर या बाई पुन्हा अॅपकडेच जाणार. तिथल्या कर्जाची मुदत आठवड्यांची असते, शुल्क आधीच कापून घेतात, आणि वर्षाच्या दराने मोजायला गेलं तर कार्डही त्यापुढे स्वस्त वाटतं. शिलकीवर व्याज मिळत नाही हे खरं, पण ती पुढचं महाग कर्ज टाळते. सहकारी शेवटपर्यंत पूर्ण सहमत झाले नाहीत. रक्कम आठवडाभराच्या पगारापुढे वाढू द्यायची नाही, त्यानंतरचा सगळा जोर कार्डावर लावायचा, एवढ्यावर आम्ही थांबलो. ती अट मला रास्त वाटली.

आता त्यांचा मूळ प्रश्न, सगळ्यांचं मिळून एक कर्ज. त्यांच्याकडे तसा प्रस्ताव आलेलाही होता आणि हप्ता जवळपास निम्मा होणार म्हणून त्या खुशीत होत्या. मी कागदावर शंभराचा हिशेब मांडला. महिना २ टक्क्यांचं कर्ज २४ महिन्यांत फेडलं तर हप्ता सव्वापाचच्या आसपास येतो आणि एकूण १२७ भरावे लागतात. तेच महिना दीड टक्क्याने ६० महिन्यांवर नेलं तर हप्ता अडीचवर येतो, पण एकूण भरणा होतो १५२. दर कमी होऊनही व्याज जवळजवळ दुप्पट! तरीही मी त्यांना सरळ नको म्हणाले नाही. एकट्या माणसाला कमी हप्ता म्हणजे श्वास घ्यायला जागा असते. मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही हे लेखी मिळत असेल आणि जुनी कार्डं खरोखर बंद होणार असतील, तर असं कर्ज घेण्यात शहाणपण असू शकतं. या प्रस्तावात मात्र दंडही होता आणि व्याज 'फ्लॅट' पद्धतीचं होतं. म्हणजे मुद्दल उतरत गेली तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच. दोन-तीन वर्षांच्या कर्जात असा १२ टक्क्यांचा दर उतरत्या बाकीवर मोजला तर तो २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो. त्यांनी तो कागद स्वतःच घडी करून बाजूला ठेवला.

मग मी विचारलं, आतापर्यंत आधी कोणाचे पैसे देत आलात? उत्तर मुलाने दिलं. त्याने दप्तरातून वही काढली. वहीत रकाने पाडलेले होते. तारीख, वेळ, फोन कोणाचा, काय म्हणाले. आई कामावर असताना किंवा मुलीला झोपवत असताना फोन तो घेत असे. "आई घरी नाही असं सांगतो मी," तो म्हणाला. एका पानावर त्याने लिहिलं होतं, 'हे काका ओरडत नाहीत.'

आईला या वहीचा पत्ता नव्हता. त्या रडल्या. मीही काही वेळ बोलू शकले नाही. मूल हिशेबाला लागतं तेव्हा घरात कोणीतरी त्याला काहीतरी सांगायचं टाळत असतं, आणि जे सांगितलेलं नसतं ते मूल स्वतःच कल्पनेनं भरून काढतं, बहुतेकदा आहे त्याहून भयंकर. मी मुलाला सांगितलं की वही फार उपयोगाची आहे आणि आता ती माझ्याकडे राहील. फोन यापुढे तू घ्यायचे नाहीस, ते काम मोठ्यांचं. आईने त्याच्याशी थोडक्यात, खरं बोलावं असं ठरलं. देणी आहेत, ती फेडायची व्यवस्था लागली आहे, घर आणि शाळा चालू राहणार आहे. रकमा सांगायची गरज नाही.

वहीचा उपयोग खरंच झाला. अॅपवाले दिवसातून अनेकदा फोन करत, म्हणून त्यांचे पैसे सगळ्यांत आधी जात. कार्डवाले फक्त पत्रं पाठवत, म्हणून ते मागे पडत. मैत्रीण काहीच बोलत नसे, तिला सगळ्यांत शेवटी. वीजबिल दोनदा राहिलं होतं, कारण वीजबिल ओरडत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात फेडीचा क्रम असाच ठरतो, जो जास्त ओरडेल त्याचं आधी. आम्ही नवा क्रम लावला. ज्याचे पैसे थकले तर छप्पर, वीज किंवा नोकरीवर जाण्याचं साधन जाईल, ते पहिलं. ज्याच्यापाशी आपली वस्तू अडकली आहे, ते दुसरं. मग व्याजाच्या दरानुसार बाकीचे.

यात एक अपवाद मी मुद्दाम केला. संगणकाचे हप्ते थोडेच उरले होते आणि त्यावर व्याजही फारसं नव्हतं. हिशेबाने ते शेवटी यायला हवं होतं, तरी मी ते लवकर संपवायला सांगितलं. सिंगापूरमधल्या अल्प उत्पन्नाच्या कर्जदारांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. एका संस्थेने त्यांची जुनी थकबाकी फेडून दिली होती. किती रक्कम माफ झाली यापेक्षा किती वेगवेगळी खाती बंद झाली, याचा त्या लोकांच्या चिंतेवर आणि विचार करण्याच्या क्षमतेवर जास्त परिणाम दिसला. मला हे रोज दिसतं. सात ठिकाणच्या सात तारखा लक्षात ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आठव्या गोष्टीला जागाच उरत नाही.

तारखांवरून आठवलं. त्यांच्या दोन्ही कार्डांची भरण्याची तारीख पगाराच्या काही दिवस आधीची होती. दर महिन्याला विलंबशुल्क लागत होतं ते निव्वळ त्यामुळे. तारीख बदलून मागता येते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी समोर बसवून फोन करायला लावला आणि दोन्ही कार्डांवर विनंती नोंदवली गेली. हप्ता चुकायच्या आधी केलेल्या फोनला जेवढा मान मिळतो तेवढा चुकल्यानंतरच्या फोनला मिळत नाही.

वाहनकर्जाची गोष्ट इतकी सोपी नव्हती. विभक्त होताना न्यायालयात झालेल्या समझोत्यात ते कर्ज नवऱ्याने फेडायचं असं लिहिलेलं होतं. त्यामुळे त्यांनी त्याकडे पाहिलंच नव्हतं. पण कर्ज देणारा त्या समझोत्यात सामील नसतो. त्याच्यापुढे मूळ करार असतो आणि करारावर दोघांच्या सह्या. नवऱ्याने तीन हप्ते चुकवले होते आणि ती थकबाकी यांच्या पतनोंदीत, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, दिसत होती. त्यांना वकिलाकडे पाठवावं लागलं. सहकर्जदार म्हणून नाव काढायला कर्ज देणाऱ्याचीही संमती लागते, नुसत्या नवऱ्याच्या होकाराने ते होत नाही.

पुढच्या काही महिन्यांत त्या अधूनमधून येत राहिल्या, मुलगा शाळेत, मुलगी बरोबर. संगणकाचे हप्ते संपले. अॅपचं कर्ज बंद झालं, त्याचं 'थकबाकी नाही' असं पत्र मी फाइलला लावायला सांगितलं. तडजोडीत काही रक्कम सोडून देतो असा निरोप अॅपवाल्यांकडून आला होता, पण तसं केलं तर पतनोंदीत 'पूर्ण फेड' असा शेरा येत नाही. एवढी थोडी बाकी असताना त्यांनी पूर्ण भरणं पसंत केलं. मधे मुलगी पुन्हा आजारी पडली आणि बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ सगळी संपली. त्या अपराध्यासारखं तोंड करून आल्या. मी त्यांना तारखेनुसार लावलेली यादी पुन्हा दाखवली. त्या महिन्यासमोर नव्या कर्जाची नोंद नव्हती.

सध्या ती रक्कम पुन्हा भरत आली आहे आणि सगळा जोर जास्त व्याजाच्या कार्डावर आहे. मैत्रिणीला दरमहा थोडे थोडे द्यायला त्यांनी स्वतःहून सुरुवात केली, ते माझ्या क्रमात नव्हतं आणि मी त्याला हरकत घेतली नाही. वाहनकर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. पुढच्या भेटीला त्या वकिलाचं पत्र घेऊन येणार आहेत.